घरी बांधायचं कोंबड्यांचं खुराडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पोटासाठी हिशेब लिहितो आणि सुतारकाम हौसेनं करतो. संगमेश्वर तालुक्यात आमचं घर आहे, मागे परसू, आणि परसात आठ-दहा गावठी कोंबड्या कायम. गेल्या काही वर्षांत मी चार खुराडी बांधली. पहिलं मोडलं, दुसरं वाळवीनं खाल्लं, तिसरं पुतण्याला दिलं, चौथं उभं आहे. ते बघायला येणारे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मापं फुटा-इंचांत आणि सुतात आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच, हे नव्या लोकांसाठी.

मुळात खुराडं लागतंच का? आमची आजी डालग्याखाली कोंबड्या झाकायची.

दोन-तीन कोंबड्या असतील आणि डालगं रात्री पडवीत, माणसांच्या शेजारी ठेवणार असाल, तर डालग्यासारखं सोपं काही नाही. बांबूच्या कामट्यांचं, हलकं, वारा खेळतो, सकाळी उचललं की काम संपलं. पण कोंबड्या पाचाच्या वर गेल्या की डालग्यात दाटी होते, खालच्या शेणात पाय भरतात, आणि आजकाल पडवीला लाद्या बसवल्यामुळे घरातलंच कोणीतरी कुरकुरतं. शिवाय कोंबडीला जमिनीवर झोपायला आवडत नाही, ती मुळात फांदीवर झोपणारी. डालग्यात तिला पर्याय नसतो.

किती कोंबड्यांना किती जागा धरायची?

आधी ठरवा, दिवसा त्या मोकळ्या फिरणार की कोंडलेल्या राहणार. फक्त रात्रीपुरत्या आत येणार असतील तर एका गावठी कोंबडीला दोन ते अडीच चौरस फूट पुरतात. दिवसभर आतच ठेवायच्या असतील तर आत चार चौरस फूट आणि बाहेर जाळीचं अंगण त्याच्या दुप्पट तरी हवं, नाहीतर त्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. वनराज, गिरिराज अशा अंगानं मोठ्या जाती असतील तर थोडं सैल धरा.

आणि एक सांगतो, आज आठ कोंबड्या असतील तर आठाचं माप धरू नका. एखादी खुडूक होते, तुम्ही तिला रवणावर (उबवायला अंड्यांवर) बसवता, एकवीस दिवसांनी दहा पिल्लं होतात. खुराडं कोणाचंच मोठं झालेलं मी पाहिलेलं नाही.

एक तयार माप सांगा ना. आकृती नको, शब्दांत चालेल.

माझं चौथं खुराडं असं आहे: आठ कोंबड्या आणि एक कोंबडा.

लांबी सहा फूट, रुंदी चार फूट. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे कडक ऊन फक्त अरुंद बाजूंवर येतं. तळ जमिनीपासून अडीच फूट वर. चार पाय: उत्तरेचे दोन साडेसहा फुटी, दक्षिणेचे दोन साडेपाच फुटी, त्यामुळे छपराला आपोआप एक फुटाचा उतार मिळतो. पाय तीन बाय तीन इंचांचे, बाकी सगळी चौकट तीन बाय दोनची. तळाच्या चौकटीत चार फुटी चार आडवी लाकडं, दोन-दोन फुटांवर.

आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजू फळ्यांनी बंद. दक्षिणेला वर छपराखाली सहा इंचांची पट्टी जाळीची. उत्तरेला खालचा अर्धा भाग फळ्या, वरचा जाळी. पूर्वेची चार फुटी बाजू म्हणजे पूर्ण दार, दोन झडपांचं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. माझ्या पहिल्या खुराड्याला दार होतं दीड फूट बाय दीड फूट. आत झाडायला मी गुडघ्यावर बसून डोकं घालायचो आणि आठवड्यातून एकदा व्हायचं ते काम पंधरवड्यावर गेलं, मग महिन्यावर. खुराडं झाडणं अवघड असेल तर ते झाडलं जात नाही, आणि न झाडलेल्या खुराड्यात उरलेली सगळी कारागिरी वाया जाते. खराटा आणि घमेलं उभ्यानं आत गेलं पाहिजे. तळ अडीच फुटांवर ठेवण्याचं निम्मं कारण माझी कंबर आहे.

याला लाकूड किती लागेल?

वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. तीन बाय दोनचं एक घनफूट म्हणजे चोवीस फूट लांबी, तीन बाय तीनचं सोळा फूट. पायांना चोवीस फूट, म्हणजे दीड घनफूट. तळाच्या आणि वरच्या चौकटीला मिळून अठ्ठेचाळीस फूट, म्हणजे दोन घनफूट. झाले साडेतीन. तुकडे पडतात, एखाद्यात गाठ निघते, म्हणून चार घ्या. फळ्या, तळाच्या पट्ट्या आणि छपराच्या रिपा (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) वेगळ्या.

कोणतं लाकूड घ्यावं? साग परवडत नाही.

साग लागत नाही. पायांना ऐन किंवा किंजळ मिळालं तर उत्तम, कोकणातल्या जुन्या घरांचे वासे-खांब बरेचदा याचेच असतात. जुनं घर कुठे पाडत असतील तर तिथे आधी जा. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड नव्या ओल्या लाकडापेक्षा केव्हाही चांगलं. फक्त आतले मोडके खिळे शोधून काढा, नाहीतर करवतीचे दात जातील. फणसाचं लाकूडही टिकतं आणि रंध्याखाली छान जातं.

आंब्याच्या फळ्या स्वस्त असतात, पण त्या ओल्यात टिकत नाहीत आणि त्यांना किडा लवकर लागतो. भिंतीला, पावसापासून आत, चालतील. पायांना नको. घाटावर बाभूळ मुबलक. मजबुतीला तोड नाही, पण वाळल्यावर खिळा वाकेल, लाकूड दाद देणार नाही. गिरमिटानं किंवा ड्रिलनं आधी भोक पाडूनच स्क्रू घाला.

बागेतलं स्वतःचं झाड तोडून वापरलं तर?

झाड तुमचं असलं तरी परवानगीचा प्रश्न येतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं आहेत, त्यामुळे तोडण्याआधी वनविभागाकडे विचारा. वादळात पडलेलं असलं तरी कापण्याआधी विचारणं बरं. आणि आज कापलेलं लाकूड आज वापरायचं नाही. सावलीत, खाली ठोकळे देऊन, थरांमध्ये पट्ट्या घालून निदान सहा-आठ महिने वाळू द्या. ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड आकसलं की हातानं निघतो.

कारखान्यातून मिळणारी पॅलेटची लाकडं चालतात का?

चालतात, पण शिक्का बघून. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि शेजारी अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेनं कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाईल ब्रोमाईड वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते कोंबड्यांच्या वाट्याला नको. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलकट डाग, रसायनाचा वास असेल तर सोडून द्या. बाकी हे लाकूड मऊ असतं, पाऊस सोसत नाही. आतल्या अंड्यांच्या खोक्यांना, कोंबड्या बसतात त्या दांड्यांच्या आधारांना वापरा.

प्लायवूडनं काम लवकर होईल ना?

लवकर होईल आणि लवकर संपेल. साधं कमर्शियल प्लाय (आयएस ३०३, हा भारतीय मानकाचा क्रमांक) दमट हवेत थर सोडतं. आयएस ७१० लिहिलेलं मरीन प्लाय टिकतं, पण त्या किमतीत जुन्या घराचं लाकूड येतं.

आणि बांबू?

कोकणात माणगा (बांबूची इथली जात) असताना हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा. भरीव असतो, सरळ असतो. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे खासगी जमिनीतला बांबू तोडणं सोपं झालं आहे.

तोड पावसाळा सरल्यावर, थंडीत करा आणि तीन वर्षांच्या वरचा बांबू घ्या. कोवळा बांबू आकसतो आणि त्यात साखर-पिठूळपणा जास्त, म्हणजे भुंग्याला आमंत्रण. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात, पऱ्ह्यात, बुडवून ठेवायची जुनी रीत याचसाठी आहे. मग सावलीत उभा करून वाळवा. बांबूला खिळा मारलात की तो चिरतो. भोक पाडून बोल्ट घाला नाहीतर सुंभानं, तारेनं बांधा. आणि चौकट लाकडाची, भरणा बांबूचा, ही जोडी मला सगळ्यात जमली.

हत्यारं काय काय लागतील?

करवत, हातोडी, टेप, गुण्या, पटाशी, रंधा, ड्रिल. यातला गुण्या (काटकोन तपासायचा) विसरू नका. चौकट जमिनीवर जुळवली की दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. दोन सुतांचा फरक चालेल. अर्ध्या इंचाचा फरक आज दिसत नाही, पण दार बसवताना दिसतो आणि तेव्हा दार तासून काही होत नाही.

सांधे कसे करायचे? कुसू-भोक (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवणं) येत नाही मला.

पायांना जिथे आडवी लाकडं मिळतात तिथे नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नका. पायाला एक इंच खोल खाच घ्या, त्यात आडवं लाकूड बसवा आणि आरपार बोल्ट मारा. वजन खाचेवर पडतं, बोल्टचं काम फक्त धरून ठेवण्याचं. करवतीनं दोन्ही कडा कापायच्या, मधला भाग पटाशीनं उडवायचा, दहा मिनिटांचं काम आहे. कुसू येत असेल तर जरूर करा, पण खुराडं कधीतरी खोलून हलवावं लागतं. बोल्टचं खुराडं दोन माणसं अर्ध्या दिवसात खोलतात.

साधा पांढरा गोंद दमट हवेत सुटतो, तो लावून समाधान मानू नका. समुद्राजवळ राहात असाल तर साधे लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात. विष्ठेतून निघणारा अमोनियाही तेच करतो. जिथे परवडेल तिथे स्टेनलेस, बाकी ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेले.

माझं पहिलं खुराडं बघून गावातले सुतारकाका म्हणाले होते, “भाऊ, हे कपाट झालं, खुराडं नाय झालं.” मी फळ्यांना खोबण्या पाडून एकमेकींत बसवल्या होत्या, पॉलिश केलं होतं. त्या खोबण्यांचं पुढे काय झालं ते खाली गोचिडीच्या प्रश्नात आहे.

जाळी कोणती? दुकानदार ‘चिकन जाळी’ देतो.

ती षटकोनी डोळ्यांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातानं फाडतो, उंदीर डोळ्यातून जातो, आणि मांजरवर्गी जनावर पंजा आत घालतं. हे मी अनुभवानं सांगतो. पहिल्या खुराड्यात दांडी जाळीला लागून होती. एका पावसाळी रात्री काहीतरी आलं, रानमांजर की उदमांजर, कोणी पाहिलं नाही. सकाळी जाळीला पिसं अडकलेली, जाळी शाबूत, आणि आत एक कोंबडी मान नसलेली.

अर्धा इंच, म्हणजे चार सुती, चौकोनी वेल्ड जाळी घ्या. महाग आहे, तरी घ्या. ती नुसत्या यू-खिळ्यांनी ठोकू नका. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून पट्टीतून स्क्रू मारा. यू-खिळा एकेक करून निघतो, पट्टी निघत नाही. आणि दांडी कुठल्याही जाळीपासून फूटभर लांब.

मुंगुसाचा बंदोबस्त कसा करायचा?

मुंगूस दिवसाचं जनावर आहे. रात्री खुराड्यातली कोंबडी गेली तर बिचाऱ्या मुंगसाला शिव्या देऊ नका. ते सकाळी किंवा दुपारी, कोंबड्या बाहेर चरत असताना पिल्लं आणि अंडी नेतं, घार आणि शिक्रा वरून नेतात. त्याला उपाय खुराडं नाही. दाट झुडूप, करवंदीची जाळी, लपायला जागा, आणि पिल्लं लहान असेपर्यंत जाळीचं अंगण.

रात्री येतात ते: रानमांजर, उदमांजर (आमच्याकडे त्याला कांडेचोर म्हणतात), घूस, उंदीर, भटकी कुत्री, साप. धामण आणि नाग दोघेही अंडी-पिल्लांसाठी येतात. चार सुती जाळीतून मोठा साप येत नाही, पण दाराखालच्या फटीतून येतो. आत साप दिसला तर काठी घेऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

घूस आणि उंदीर पायांवरून चढतात. नारळाच्या झाडाला उंदरांसाठी पत्रा गुंडाळतो ना, तसाच गुळगुळीत पत्रा चारही पायांना फूट-दीड फूट रुंदीचा मारा. त्यासाठीसुद्धा तळ उंच हवा. आणि खुराड्याला टेकवून लाकडं, फावडं, जुनी खाट ठेवू नका, तो जिनाच होतो. जमिनीवरचं खुराडं असेल तर जाळी जमिनीत सरळ न पुरता बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी, दोन-तीन इंच मातीखाली पसरा. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशी उकरतं, तिथेच त्याला जाळी लागते.

कडी दोन, एक वर, एक खाली, आणि कोयंड्यात खिळा अडकवलेला. बिबट्याचा वावर असलेल्या भागात खुराडं घराच्या भिंतीजवळ, उजेडात असू द्या. लाकूड-जाळीनं बिबट्या अडवण्याचं नाटक करण्यात अर्थ नाही.

तळ पट्ट्यांचा करू की बंद फळ्यांचा?

कोकणात पट्ट्यांचा. दीड इंच रुंद पट्ट्या, मध्ये सहा सुतांची फट. म्हणजे सव्वा दोन इंचाला एक, चार फूट रुंदीला एकवीस पट्ट्या. विष्ठा खाली पडते, तळ कोरडा राहतो. पट्टीच्या दोन्ही कडा रंध्यानं खालच्या बाजूला तिरप्या तासा, म्हणजे पट्टी वर रुंद आणि खाली निमुळती होते. मग फट खाली मोठी होत जाते आणि घाण अडकत नाही, घसरते. हे एक काम मी चौथ्या खुराड्यात केलं आणि झाडण्याचा वेळ निम्म्यावर आला. लहान पिल्लांचे पाय फटीत जातात, महिनाभर त्यांच्याखाली गोणपाट अंथरा.

कोरड्या भागात बंद तळ आणि वर भाताच्या तुसाचा तीन-चार इंचांचा थर चालतो. तो आठवड्यातून दोनदा उकरून वर-खाली करायचा, ओला गोळा दिसला की काढायचा, अधूनमधून चुन्याची भुकटी भुरभुरायची. भुरभुरायची म्हटलं, ओतायची नाही, पाय भाजतात. रंध्याच्या कामाचा भुसा मोठ्या कोंबड्यांना चालतो. करवतीचा बारीक भुसा पिल्लं खातात.

खाली पडलेलं खत लगेच झाडांना घालू नका, ते उष्ण असतं. दोन-तीन महिने पालापाचोळ्याबरोबर कुजू द्या, मग माडांना द्या.

बसायची दांडी कशी असावी?

दोन इंच रुंद, वरच्या कडा गोल केलेली, खरखरीत. फार बारीक किंवा धारदार दांडीनं तळपायाला गाठी येतात. एका कोंबडीला दहा इंच धरा. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवा. पायऱ्यांसारख्या ठेवल्यात तर रोज संध्याकाळी वरच्या पायरीवरून मारामारी, आणि खाली बसणारीच्या डोक्यावर काय पडतं ते सांगायला नको. माझ्या दोन दांड्या आहेत, दक्षिणेच्या बंद भिंतीपासून फूटभर अंतरावर पहिली आणि तिच्यापासून सव्वा फुटावर दुसरी. दोन्ही खाचेत नुसत्या ठेवलेल्या, उचलून धुता येतात.

अंड्यांसाठी खोकी किती?

चार-पाच कोंबड्यांना एक. दर कोंबडीला एक बांधलंत तरी त्या सगळ्या एकाच खोक्यासमोर रांग लावतात. एक फूट लांब, रुंद, उंच. पुढे चार इंचांची पट्टी, म्हणजे पेंढा आणि अंडी बाहेर लोळत नाहीत. दांडीपेक्षा खाली ठेवा. वर असेल तर त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी माखलेली मिळतात. आत अंधार हवा. उजेडात अंडं फोडून खायची सवय लागते.

मी खोकी उत्तरेच्या भिंतीबाहेर काढली आहेत, छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली. झाकण बाहेरून उघडतं. बिजागरीच्या फटीतून पाणी जायचं, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकल्यावर थांबलं.

खुराड्यात वास येतो, डोळे चुरचुरतात.

वारा कमी आहे. थंडी वाजेल म्हणून लोक गोणपाटं बांधून सगळ्या फटी बुजवतात. कोंबडीला पिसं आहेत, आमच्या हवेत थंडी तिला मारत नाही. कोंडलेला अमोनिया आणि ओल मारते. हवेची जागा झोपलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवी, म्हणजे गरम-ओली हवा बाहेर जाते आणि अंगावर झोत येत नाही. दक्षिणेला छपराखालच्या त्या सहा इंचांच्या जाळीच्या पट्टीचं काम तेच.

छप्पर पत्र्याचं की कौलारू?

कौल थंड असतं, पण मंगलोरी कौलाला उतार जास्त लागतो. चार फुटांना दोन फूट तरी उतार हवा, नाहीतर पाणी मागे सरकून आत येतं. त्याचं वजन पेलायला वासेही जाड लागतात. वर मोकाट माकडं असतील तर विषयच संपला. मी पत्रा घातला: आठ फुटी तीन. पुढे दोन फूट, बाकी तिन्ही बाजूंना दीड फूट बाहेर. हा बाहेरचा भाग कमी करून पैसे वाचवू नका, भिंतींचं आयुष्य त्यावर आहे.

पण बाहेर काढलेल्या पत्र्याखाली वारा शिरतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि दापोलीकडच्या घरांची छपरं गेली, तिथे खुराड्याचा पत्रा तो काय. पत्रा रिपेला जे-बोल्टनं, रीप चौकटीला बोल्टनं आणि चौकट जमिनीत पुरलेल्या दगडाला तारेनं, अशी साखळी करा. पत्र्यावर नारळाच्या झावळ्या घातल्या की उन्हाळ्यात ताप कमी होतो आणि पावसाचा आवाजही.

आम्ही विदर्भात. इथे पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो.

मग माझ्या मापातल्या बंद भिंती विसरा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. अशी दिसली की वेळ कमी आहे. लांब बाजू पूर्व-पश्चिमच ठेवा, दोन्ही लांब भिंती वरपासून अर्ध्यापर्यंत जाळीच्या करा आणि पत्र्याला वरून चुना मारा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा दुसरा थर द्या, मधून वारा जायला हवा. भिंतींना शेणामातीनं लिंपलेला कूड लाकडी फळ्यांपेक्षा थंड आणि फुकट. सगळ्यात मोठा उपाय मात्र खुराडं कडुलिंबाखाली बांधणं.

रात्री कोंबड्या अस्वस्थ असतात, तुरे फिके पडलेत.

रात्री बॅटरी घेऊन जा आणि दांडीची खालची बाजू, सांधे, खिळ्यांची भोकं बघा. गोचीड आणि लाल पिसवा दिवसा लाकडाच्या फटीत लपतात, रात्री रक्त पितात. कोंबडीच्या अंगावर दिवसा काही सापडत नाही, म्हणून माणूस औषध कोंबडीला लावत बसतो. गोचीड उपाशीपोटी महिनोन्‌महिने फटीत जगते. माझ्या कपाटछाप खुराड्याच्या त्या सुंदर खोबण्या म्हणजे तिच्यासाठी चाळच झाली होती. शेवटी ते फोडून जाळलं.

तेव्हापासून माझा नियम: आत कमीत कमी सांधे, फळी चौकटीला बाहेरून, आणि जी फट टाळता येत नाही ती लांबीनं (पुट्टीनं) बुजवलेली. आतून वर्षातून दोनदा दाट चुना, फटीत घुसेल असा कुंचल्यानं. ऑईलपेंट लावायचाच तर बाहेरून. रोग असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मानमोडीची (राणीखेत) लस तर दरवर्षी हवीच, तिला चांगलं खुराडं हा पर्याय नाही.

वाळवीचं काय करू?

पाय जमिनीत पुरू नका. पुरलेलं लाकूड मातीच्या रेषेवरच कुजतं आणि तिथूनच वाळवी चढते. प्रत्येक पायाखाली जांभ्याचा चिरा, मध्ये पत्र्याचा तुकडा. पायांच्या बुडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची आमच्याकडे पद्धत आहे, होड्यांनाही लावतात. उत्तम टिकतं, पण कातडीवर पडलं तर फोड येतात. हातमोजे घाला आणि पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या जवळ आणू नका. जळकं ऑईल लोक सर्रास फासतात. मी जमिनीलगतच्या फूटभराच्या वर लावत नाही.

खुराडं झालं, पण कोंबड्या आत जातच नाहीत. आंब्यावर चढतात.

चार-पाच दिवस आतच कोंडा, दाणा-पाणी आत द्या. त्यानंतर संध्याकाळी तासभर आधी सोडा, अंधार पडायच्या आत त्या स्वतः परततात. एखादी हट्टी तलंग (तरणी कोंबडी) आंब्यावरच जाईल, तिला अंधार पडल्यावर उतरवून दांडीवर ठेवा. आठवडाभर शिडी चढायची तयारी ठेवा.

पहाटे कोंबडा आरवतो, शेजारी बोलतात. खुराडं बंद केलं तर आवाज थांबेल?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि कोंबडंही गप्प राहत नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. वस्ती दाट असेल तर कोंबडा ठेवू नका. शहरात किंवा सोसायटीत असाल तर लाकूड आणण्याआधी पालिकेचे आणि सोसायटीचे नियम विचारा.

खर्च कुठे वाचवता येतो?

लाकडात वाचतो, जाळीत आणि पत्र्यात वाचवू नये. माझ्या खुराड्यात जुन्या घराचं लाकूड असल्यामुळे जाळी, पत्रा आणि बोल्ट यांचाच खर्च लाकडापेक्षा जास्त झाला.

बांधायला कधी घ्यावं?

दिवाळीनंतर. लाकूड वाळलेलं असतं, बांबू तोडायची वेळ असते, आणि हातात सहा महिने असतात. मे महिन्यात सुरू करणारे मृगाचा पाऊस आला की ताडपत्री टाकून उरलेलं दार दसऱ्याला बसवतात. दार थंडीत बसवत असाल तर चारही बाजूंना दोन सुतांची फट सोडा. तेव्हा ती डोळ्याला खुपते. जुलैत लाकूड फुगलं की ती उरत नाही.